सेव्हनवरची बाय

सकाळी आठ वाजता ती मागच्या टाकीच्या नळाखाली करंगळी धरायची आणि ती करंगळी जिभेला लावायची. मग डोळे मिटून क्षणभर उभी राहायची आणि वॉचमन, झाडूवाला, जो कोणी समोर असेल त्याला सांगायची, "आज खारं हाय." नाहीतर, "आज बरं हाय." तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमध्ये माणसं नळाखाली हात धुतानाही पाण्याकडे संशयानं बघतात. तिथं ही बाई रोज टाकीतलं पाणी चाखत होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं आणि माझं तोंड वाकडं झालं. नंतर कळलं की कापडावर रंग चढायला मीठ लागतं, आणि पाणी मुळातच खारट असेल तर मीठ कमी टाकावं लागतं. पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण लॅबमध्ये होतंच. पण बाय म्हणायची, "त्याला जीब कुठं हाय?"

बाय म्हणजे आमच्या लॅबची मुख्य. नवापूरची. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोट, भाऊ समुद्रावर, वहिन्या मासळी सुकवायला आणि विकायला. ही एकटी बारावी सायन्स पास झाली आणि वयाच्या तिशीत बोईसरला कापड रंगवणाऱ्या आमच्या कारखान्यात चिकटली, ती सत्तावीस वर्षं. मालकापासून भट्टीवरच्या माणसापर्यंत सगळे तिला बायच म्हणायचे. तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागे 'ती'. हे लिहायला बसलो तेव्हा सभ्यपणानं 'त्या' लिहून पाहिलं, पण त्या कोणी दुसऱ्याच बाई वाटायला लागल्या, म्हणून खोडलं.

मी तिथला कंप्युटरवाला. विक्रमगडच्या बाजूचा, घरी उतारावर नाचणी-वरईचा तुकडा. पालघरला डिप्लोमा केला आणि सरावलीत खोली घेऊन राहिलो. बायनं माझं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. "ए कंप्युटर, इकडं ये" हीच हाक. दुपारी जेवताना माझ्या डब्यात डोकावून ती हमखास चुकचुकायची. "रोज डाळ? डोंगरातला मानूस तू, तुला ताकद कुठून येनार?" आणि स्वतःच्या डब्यातला बोंबलाचा तुकडा माझ्या भातावर ठेवायची. मी काटा काढत बसलो की तिला हसू आवरायचं नाही. बोंबलाचा काटा काढणारा माणूस तिनं सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता म्हणे. ही गोष्ट तिनं सगळ्या शिफ्टना सांगितली होती.

रंगांना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. गिऱ्हाईक, म्हणजे आमच्या भाषेत पार्टी, कापडाचा एक तुकडा पाठवायची आणि सोबत सहा आकड्यांचा नंबर. तो रंग जुळवायचा, आधी छोट्या बीकरमध्ये आणि मग मोठ्या मशीनवर. बाय तो नंबर बघायचीसुद्धा नाही. तुकडा घेऊन जिन्याच्या मधल्या खिडकीत जायची, दोनदा घडी घालायची, उजेडाकडे पाठ करायची आणि बारसं करून मोकळी व्हायची. 'सुक्या सोड्याचा गुलाबी', 'ओल्या जाळ्याचा हिरवा', 'नवऱ्या मुलाच्या रुमालाचा'. जुळवलेला रंग पसंत पडला नाही तर म्हणायची, "हा लय बडबडतो. याला जरा गप कर." म्हणजे लाल कमी कर. कोणाला किती ग्रॅम गप करायचं हे बीकरवाल्या भैयाला बरोबर कळायचं. तो बलियाचा, बारा वर्षं तिच्या हाताखाली. "मॅडमजी की आँख मशीन से तेज है," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा.

आणि मशीन म्हणजे लॅबचा कंप्युटर. त्याला ती म्हातारा म्हणायची. म्हातारा विंडोज सेव्हनवर होता. ऑफिसातली सगळी मशीनं कधीच पुढं गेली होती, हा एकटा मागं राहिलेला. रंग मोजायचं यंत्र त्याला जोडलेलं होतं, आणि सत्तावीस वर्षांतले निम्म्याहून जास्त रंग त्याच्या पोटात. संध्याकाळी घरी जाताना ती त्याच्यावर भावाच्या जुन्या लुंगीचा तुकडा पांघरायची. खंडेनवमीला त्याला झेंडू आणि हळदकुंकू. की-बोर्डच्या एका कोपऱ्यात हळद इतकी मुरली होती की ती घासून काढायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

बाय म्हाताऱ्याकडे न बघता काम करायची. खुर्चीत तिरकी बसून, तोंड खिडकीकडे, आणि उजवा हात की-बोर्डच्या बाणांवर. दोनदा वर, एकदा आत, तीन खाली, प्रिंट. रेसिपीचा, म्हणजे कुठला रंग किती टाकायचा त्याचा, कागद सर्रकन बाहेर. बाहेरचे पाहुणे आले की मॅनेजरसाहेब मुद्दाम त्यांना लॅबमध्ये आणून हे दाखवायचे. मीही माझ्या मित्रांना सांगायचो, आमच्याकडे एक बाई आहे, स्क्रीनकडे बघत नाही. रंग मोजून झाला की ती भैयाला मोठ्यानं आकडा वाचायला लावायची. "पढो, पढो, बुड्ढा क्या बोलता है?" भैया वाचायचा, "पॉइंट आठ." म्हणजे पार्टीच्या तुकड्याशी असलेला फरक; तो एकच्या आत असला की जुळलं. मग ती तुकडा घेऊन खिडकीत जायची आणि परत येऊन जाहीर करायची, "आज बुड्ढा सच बोलता है." आम्ही हसायचो. म्हाताऱ्याची खोडी काढायचा तो तिचा रोजचा खेळ आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिच्या घरी मात्र या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. वसाहतीचं सांडपाणी कुठं जातं हे नवापुरात कोणाला शिकवावं लागत नाही. भाऊ जेवताना विचारायचा, आज कुठला रंग सोडला? तिनं एकदाच मला हे सांगितलं, डब्याचं झाकण लावता लावता. "मासा लांब गेला तर माज्या नावानं खडे. आनि घरात गॅस, फ्रिज, पुतन्याची फी आली ती कुठून, ते कोनी विचारत नाय." मग लगेच माझ्या डाळीवरून दोन शब्द बोलून तिनं विषय बदलला.

परदेशातल्या एका मोठ्या पार्टीचा माणूस कारखाना तपासायला आला आणि त्यानं म्हाताऱ्यावर लाल स्टिकर लावला. ज्या सिस्टीमला बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलं आहे, तिच्यावर आमच्या कापडाची माहिती ठेवता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. पण एकदम तोडायची गरज नव्हती. नेटवर्कची वायर काढून म्हातारा वेगळा ठेवला तर वर्षभराची सूट मिळत होती. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आता बदलायचं की वर्षभर ढकलायचं, ते तू लिहून दे. पुढच्या सोमवारपर्यंत. तू लिहिशील त्यावर मी सही करीन." चार वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझ्या सांगण्यावर काहीतरी ठरणार होतं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

बायला सांगितलं तर ती म्हणाली, "चालतो ना तो? मंग कशाला हात लावतो?"

"बाय, उद्या व्हायरस आला तर सगळे रंग जातील."

"आजवर आला?"

"आला नाही म्हणून येणारच नाही का?"

"नवी बोट आली तरी पयल्या वर्षी कोन मोठ्या वाऱ्यात नेत नाय तिला. किनाऱ्याला बांदून ठेवतात, तिचं लाकूड पानी वळकायला लागतं तवर." मग माझ्याकडे न बघता, "तू आनलास तर मी त्याला हळद लावनार नाय, सांगून ठेवते."

तरी मी आणला. विंडोज अकरावाला नवा कंप्युटर म्हाताऱ्याच्या शेजारी मांडला, आठवडाभर दोन्ही चालवून बघायचं म्हणून. तो आठवडा बायनं मला असा पिडला की विचारू नका. पहिल्या दिवशी चष्मा घरी विसरली. दुसऱ्या दिवशी चष्मा रिक्षात पडला. तिसऱ्या दिवशी, "तूच वाच, मी ऐकते. शाळेत पन बाईच वाचायच्या." चौथ्या दिवशी नव्या स्क्रीनसमोर पाच मिनिटं बसली, हात मांडीवर ठेवून, आणि उठून पाणी चाखायला गेली, दुपारी तीन वाजता. मला वाटलं, हट्टीपणा. या वयात नवीन काही शिकायचं नाही, दुसरं काय. घरी सरावलीच्या खोलीत मी तिची नक्कल करून दाखवत असे आणि माझा रूममेट पोट धरून हसत असे.

पाचव्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, मी म्हाताऱ्यातली माहिती नव्यावर न्यायला बसलो. त्या स्क्रीनवर काय पसारा होता! दोनशेच्या वर फाइली, कशाही पसरलेल्या, कुठली कुठं. कंप्युटरवाल्या माणसाला पसारा बघवत नाही. मी उजवी कळ दाबली आणि सगळं नावानुसार ओळीत लावलं. दोन सेकंदांचं काम. झाल्यावर मागं सरकून पाहिलंही, किती छान दिसतंय ते. मग चहा प्यायला गेलो.

मी परत येईपर्यंत रेसिपी छापून गेली होती. दुपारी खालून निरोप आला की हिरवा लॉट गडद तांबडा, मरून रंगाचा निघाला आहे. आठशे मीटर कापड. मी धावत लॅबमध्ये आलो, म्हाताऱ्याच्या नीटनेटक्या स्क्रीनकडे बघितलं आणि बायसारख्या कळा दाबून पाहिल्या. दोनदा वर, एकदा आत, तीन खाली. तिथं आता दुसरीच फाइल होती. आणि वर भलं मोठं नाव लिहिलेलं असूनही बायला ते कळलं नव्हतं.

मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. बाय, भैया आणि मी. साहेबांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं. म्हणजे उघडणार होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. बाय माझ्याआधी बोलली. "माजा हात चुकला, साहेब." सत्तावीस वर्षांत तिनं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. साहेबच गडबडले. "ठीक आहे, काळा करून टाका," म्हणाले. बिघडलेला लॉट काळा करतात, कशावरही काळा बसतो. मी भैयाच्या मागून बाहेर पडलो.

नंतर जिन्यातल्या खिडकीत मी तिला गाठलं. "बाय, फाइली मी हलवल्या होत्या."

"म्हाईत हाय मला."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? फाइली हलवल्या म्हनून चुकले, असं? मंग ते विचारतील, वाचलं का नाय?" तिनं खिडकीच्या गजाला धरलं होतं. "दिसत नाय रे मला. दोनी डोळ्यात मोतीबिंदू. तीन वर्षं झाली. मानसं दिसतात, रंग दिसतात. अक्षर दिसत नाय."

तीन वर्षं ती फाइली हातानं ओळखत होती. आकडा भैयाकडून वदवून घेत होती, खोडीच्या नावाखाली. म्हाताऱ्याची जागा न् जागा तिच्या बोटांना पाठ होती, आणि अख्ख्या बोईसरमध्ये तो एकच कंप्युटर असा होता जो तिला चालवता येत होता. आम्ही पाहुण्यांना आणून तिची ती करामत दाखवत होतो.

"ऑपरेशन करा ना. पालघरला अर्ध्या तासात होतं."

"डॉक्टर पन तुज्यासारखाच बोलला. जुनं काडू, नवीन टाकू." ती हसली. "पन मी त्याला विचारलं, रंग तेच रातील का? तो म्हनाला, निळा जास्त निळा दिसेल, पांढरा जास्त पांढरा. मंग माज्या सत्तावीस वर्षांच्या रंगांचं काय करू मी? कुठल्या डोळ्यानं जुळवू?" खाली मशीनवर काळा रंग चढत होता, त्याची वाफ खिडकीपर्यंत येत होती. मग ती पहिल्यांदाच मला विनवणीच्या आवाजात बोलली. "आठ महिने रायलेत माजे रिटायरला. तेवडे ढकल. मंग मी डोळे पन बदलते आनि तू बी तुजं बदल. या दाराबाहेर मानसासारखी जाते, एवडंच."

मी हो म्हणालो. अगदी मान हलवून हो म्हणालो.

शनिवार-रविवार मी तो कागद लिहीत होतो. वर्षभर ढकलावं, वायर काढून म्हातारा वेगळा ठेवावा, असं लिहिलं. मग साहेबांनी फोन करून सांगितलं, "त्या मरून रंगाच्या लॉटचं कारणही त्यातच लिही, पार्टीला दाखवावं लागेल." आता कारण काय लिहायचं? माझं नाव लिहायची हिंमत नव्हती. तिचे डोळे लिहिणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं, 'जुन्या सिस्टीमच्या दोषामुळे चुकीची फाइल उघडली.' मला वाटलं, वा, कोणाचाच बळी नाही. तीही वाचली, मीही वाचलो, म्हाताऱ्यावर ढकललं तर त्याचं काय जातंय. पण असं कारण लिहिल्यावर पुढच्या ओळीत 'तरी ती वर्षभर चालवावी' असं कोण लिहील? मी ती ओळ खोडली. 'तातडीनं बदलावी' असं लिहिलं. सोमवारी अकरा वाजता सही झाली आणि बुधवारी म्हातारा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला. लुंगीचा तुकडा बायनं घडी करून पिशवीत टाकला. आणि ती टाकीकडे निघून गेली. नेहमीसारखी चिडली असती तर बरं झालं असतं.

नव्या मशीनसमोर ती सतरा दिवस बसली. भैया तिच्यासाठी वाचायचा, पण नव्या स्क्रीनवर कुठं काय आहे हे त्यालाही सापडत नव्हतं, आणि आता पाहुणे आले की साहेब त्यांना दुसऱ्या दारानं नेत. अठराव्या दिवशी तिनं राजीनाम्याचा कागद दिला, 'घरगुती कारणास्तव.' निरोपसमारंभ नको म्हणाली. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं माझ्या भातावर बोंबील ठेवला, काटा काढून. मी तो खाल्ला कसा, देवालाच ठाऊक.

बाय गेल्यावर रंगांची नावंही गेली. आता सगळं सहा आकड्यांत. लॅबमध्ये थंड हवा असते, कोणी कोणाला हाका मारत नाही. माझं खरं नाव घेऊन लोक मला बोलावतात आणि प्रत्येक वेळी मला चुकल्यासारखं होतं. कधी कधी सकाळी मी मागच्या टाकीपाशी जाऊन उभा राहतो. पाणी चाखायची छाती होत नाही. तिची इतकी आठवण येते की कामात लक्ष लागत नाही, आणि ही आठवण कोणाला सांगायची म्हटली तर त्या कागदाचंही सांगावं लागेल.

सहा महिन्यांनी मी नवापूरला गेलो. पत्ता शोधावा लागला नाही. 'रंगवाली बाय' म्हटल्यावर एका पोरीनं बोटानंच दाखवलं. ती किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील टांगत होती, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मला लांबूनच ओळखलं. "अरे, किती बारीक मिशी हाय तुला! मला वाटायचं तुला मिशीच नाय." खूप हसलो दोघं. मग तिनं मला सगळं दाखवलं. वहिनीची हिरवी साडी, जी आता तिला निळी वाटत होती. भिंतीचा पांढरा, जो डोळ्यांना टोचत होता. भावाच्या बोटीचा पट्टा. "सगळं नवीन दिसतं रे. चांगलं हाय. पन कोनाची वळक नाय." चहा झाला. चहाबरोबर भावानं मला खुर्ची आणून दिली, ती मात्र वाळूतच बसली.

मी माफी मागायला गेलो होतो. वाक्य तयार होतं, बोईसरपासून घोकत आलो होतो. ते निघेना. तीच बोलली. हातातला बोंबील दुसऱ्या बोंबलाच्या जबड्यात अडकवत, अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "तुजा नवीन कसा चालतो?"

मी म्हणालो, "एकदम मस्त, बाय. एकदाही बंद पडला नाही. एकही लॉट चुकला नाही."

खरं तेच सांगितलं. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "बरं झालं," ती म्हणाली. आणि मला कळलं की ती सहा महिने याच एका प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबली होती, पण हे उत्तर तिला नको होतं. तिला ऐकायचं होतं, तुमच्यावाचून अडतंय. ते खोटं ठरलं असतं, पण कोणाचं काही बिघडलं नसतं. ज्या माणसानं तिची नोकरी जाईल असं खोटं न कचरता कागदावर लिहून दिलं, त्याला तिच्यासमोर बसून एवढं खोटं बोलायचं सुचलं नाही.